एकवीस पावसाळे पाहिलेली आमची दोनशे सात

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी अर्ध्या किलोची हातोडी घेऊन आमच्या गाडीखाली शिरतो आणि वीतभर अंतरावर ठोके मारत पुढून मागेपर्यंत चॅसिस, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, वाजवून पाहतो. लोखंड निरोगी असले की हातोडी उसळी घेते आणि 'टण्ण' असा स्वच्छ, किंचित लांबणारा आवाज येतो. आतून कुजलेले असेल तर हातोडी जागीच बसते, 'ठस्स' असा मुका आवाज येतो आणि गंजाचे पापुद्रे तोंडावर पडतात. त्यामुळे ग्राइंडिंगचा चष्मा घातल्याशिवाय मी खाली जात नाही. एकदा तसाच गेलो होतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बसावे लागले होते.

रबाळे एमआयडीसीत आमचे ग्रिल, गेट आणि जिन्याचे कठडे बनवण्याचे छोटे वर्कशॉप आहे आणि घर ऐरोलीत, खाडीपासून चालत दहा मिनिटांवर. टाटा २०७ डीआय ही पिकअप बाबांनी २००४ च्या दसऱ्याला घेतली, तेव्हा मी आयटीआयच्या शेवटच्या वर्षाला होतो. टाटांनी १९८८ मध्ये टाटामोबाइल २०६ ही पिकअप आणली होती, तिच्याच वंशातली ही गाडी: २९५६ सीसीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन, शिडीसारखी चॅसिस, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा आणि कॉम्प्युटर म्हणावा असा एकही भाग नाही. आज मीटरवर ३,८६,००० किलोमीटर दिसतात. मध्यंतरी मीटरची केबल तुटली होती ते सात महिने यात धरलेले नाहीत, आणि बाबांच्या वहीतल्या डिझेलच्या नोंदींवरून हिशेब केला तर त्या काळात आणखी अकरा-बारा हजार किलोमीटर तरी झाले असावेत.

गाडी पाहून लोक पहिला प्रश्न इंजिनाचाच विचारतात. वास्तविक या गाडीने इंजिनाबाबत मला सर्वांत कमी त्रास दिला आहे. एवढ्या वर्षांत ते एकदाच, २,६४,००० किलोमीटरच्या सुमारास पूर्ण खोलावे लागले. रिंगा आणि बेअरिंगे बदलली, हेडचे फेसिंग केले आणि डिझेल पंप कॅलिब्रेशनला पाठवला. आमचे मेस्त्री त्या पंपाला अजून 'मायको पंप'च म्हणतात, जरी त्या कंपनीचे नाव २००८ मध्येच बदलून बॉश झाले असले तरी. मोठे इंजिन, कमी फेऱ्यांवर चालणारे आणि आपल्या ताकदीच्या मानाने हलके काम करणारे, असा सगळा योग असल्यामुळे वेळेवर ऑइल, फिल्टर आणि व्हॉल्व्हचे अंतर एवढे सांभाळले तरी ते निमूट चालत राहते. मी दर आठ हजार किलोमीटरला १५ डब्ल्यू ४० ऑइल बदलतो. धुळीच्या रस्त्यावर जास्त फेऱ्या झाल्या असतील तर एअर फिल्टर त्याआधीच काढून झटकतो आणि दिव्यासमोर धरून पाहतो, उजेड आरपार येत नसेल तर नवा घालतो. इंजिनाचा विषय माझ्यापुरता एवढाच आहे. मला भीती वाटते ती पाण्याची.

ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही नुसत्या पावसाला मी फारसा दोष देणार नाही, कारण जोराची सर गाडी धुऊनही काढते. ओलावा मुक्कामाला राहतो तेव्हा नुकसान होते. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यातले मीठ पत्र्यावर बसते, हवेतला दमटपणा ओढून धरते आणि लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर महिनोन्महिने टिकवते; गंजण्याची क्रिया मुळात विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने घडते आणि खारट पाण्यातून तो प्रवाह सहज वाहत असल्यामुळे तोच पत्रा घाटावर दहा वर्षे टिकेल तर आमच्याकडे पाच वर्षांत चाळण होतो. त्यात गंज हा मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे एकावर एक बसवलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत तो सुरू झाला की पत्रे फुगून एकमेकांपासून दूर ढकलले जातात, आणि बाहेरून मात्र फक्त रंगाला आलेला एक फोड दिसतो. लोखंडाच्या धंद्यात असूनही हे मला गाडीने शिकवले. आम्ही गेट बनवून देतो, पैसे घेतो आणि निघून येतो. ते गेट आठ वर्षांनी कसे दिसते हे आम्ही कुठे पाहायला जातो?

आमच्या गाडीचा हौदा बाबांनी स्वतः बांधला होता. चॅसिस आणि हौद्याचे आडवे चॅनेल यांच्यामध्ये त्यांनी रिवाजाप्रमाणे लाकडी पट्ट्यांचे पॅकिंग घातले आणि यू-बोल्टने सगळे आवळले. लाकूड धक्के झेलते आणि लोखंडावर लोखंड घासू देत नाही, त्यामुळे यात चूक काही नव्हती. परंतु २०१३ च्या जानेवारीत यू-बोल्ट बदलण्यासाठी हौदा उचलला, तेव्हा ते लाकूड हाताला ओले लागले. पाऊस संपून तीन महिने झाले होते, बाहेर सगळीकडे धूळ उडत होती आणि त्या पट्ट्या अजून ओल्याच होत्या. त्यांच्याखाली, बरोबर त्यांच्याच मापाचा, चॅसिसचा रंग उडून लोखंड खरवडल्यासारखे झाले होते. त्यानंतर मी लाकूड काढून कन्व्हेयरच्या जुन्या पट्ट्याचे जाड रबर घातले, तेही सलग न घालता तुकड्यांत, म्हणजे मधल्या फटींतून पाणी आणि चिखल खाली पडून जाईल. रबर पाणी पीत नाही एवढाच त्याचा गुण, पण तेवढा पुरतो.

पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला जळके ऑइल मारून घेण्याची पद्धत आमच्या भागात सर्रास आहे. मी ते करत नाही. ऑइल काही दिवस लोखंड झाकते हे खरे, परंतु त्यावर धूळ बसून जो काळा लेप तयार होतो त्याच्याखाली काय चालले आहे ते दिसत नाही, खालची रबरी बुश त्याने फुगतात, आणि पहिल्याच पावसात अर्धे ऑइल रस्त्यावरून गटारात आणि गटारातून खाडीत जाते. त्यापेक्षा तारेच्या ब्रशने घासून, थिनरने पुसून, रेड ऑक्साइड प्रायमरचा एक आणि इनॅमल रंगाचे दोन हात देणे हे कष्टाचे काम असले तरी पुढच्या वर्षी तिथे पाहिले की काय झाले आहे ते समजते. काळ्याऐवजी मी खालून राखाडी रंग देतो, कारण राखाडीवर गंजाचा ओघळ लांबूनही ओळखू येतो. मे महिन्याइतकीच ऑक्टोबरमधली धुलाई मला महत्त्वाची वाटते. पावसाळाभर चॅसिसच्या कोपऱ्यांत, मडगार्डच्या वरच्या कडेला आणि पाट्यांच्या ब्रॅकेटमागे जो चिखल साचतो तो ऑक्टोबरच्या उन्हात वरून वाळतो आणि आतून दिवाळीपर्यंत ओला राहतो, म्हणून तो प्रेशरच्या पाण्याने आणि जिथे नोझल पोहोचत नाही तिथे स्क्रू-ड्रायव्हरने उकरून काढावा लागतो.

माझ्या हातून झालेली सर्वांत महागडी चूक लोखंडाची नसून अ‍ॅल्युमिनियमची आहे. हौद्याचा तळ सारखा खराब होतो म्हणून २०१६ मध्ये मी त्यावर अ‍ॅल्युमिनियमची चेकर्ड प्लेट टाकली आणि हुशारीने थेट लोखंडी चॅनेलवर बोल्ट मारून बसवली. दिसायला फार सुरेख दिसत होती. बाबा मात्र काही न बोलता नुसते पाहून गेले. त्याच सुमारास एका ओळखीच्या कुटुंबाने लग्नासाठी मासळी आणायला गाडी मागितली. रात्रभर बर्फाचे खारट पाणी त्या प्लेटखाली झिरपत राहिले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही हौदा वरवर धुऊन कामाला लागलो. खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम आपला बळी देऊन लोखंडाला वाचवते, हे मी आयटीआयमध्ये पाठ केले होते आणि परीक्षेत लिहिलेही होते. दोन पावसाळ्यांनी बोल्टांच्या भोवती पांढरी भुकटी दिसू लागली आणि प्लेट बोटाने दाबली तरी तुटेल अशी झाली. आता तळाला साधी एमएस, म्हणजे साध्या पोलादाची, प्लेट आहे, घसरू नये म्हणून तिच्यावर फ्लॅटपट्ट्या आहेत आणि पाणी जाण्यासाठी चारही कोपऱ्यांत भोके आहेत. मासळीसाठी गाडी कोणालाही देत नाही, यावरून एक नाते थोडे रुसलेलेही आहे.

पाणी गाडीत शिरण्याचे मार्ग पत्र्यापुरते नसतात. २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, बाबा ठाण्याहून परतताना विटाव्याच्या रेल्वेपुलाअलीकडे अडकले आणि गाडी मागच्या अ‍ॅक्सलच्या वरपर्यंत पाण्यात रात्रभर उभी राहिली. त्यांच्या वहीत २९ जुलैची नोंद आहे: "डिफरन्शियल ऑइल काढले. लस्सीसारखे पांढरे. दोनदा धुऊन नवे भरले." डिफरन्शियल म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा डबा. तेव्हा मला त्याचे कारण कळले नव्हते. चालून तापलेला अ‍ॅक्सल एकदम गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकुंचन पावते आणि वाफ सोडण्यासाठी ठेवलेल्या छोट्या ब्रीदरमधून, किंवा झिजलेल्या सीलमधून, पाणी आत ओढले जाते. त्या ऑइलवर गाडी महिनाभर चालवली असती तर आतल्या क्राउन-पिनियन या गिअरचे दात गेले असते. म्हणून चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यातून गाडी काढावी लागली की मी त्याच आठवड्यात डिफरन्शियलचा नट सैल करून थेंबभर ऑइल बोटावर घेऊन पाहतो. ब्रेक ऑइलचेही तेच. ते हवेतला ओलावा शोषून घेते आणि व्हील सिलिंडर आतून गंजवते, त्यामुळे पातळी बरोबर असली तरी दर दोन वर्षांनी मी ते सगळे बदलून टाकतो. डिझेलच्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी सुटते, ते टाकी संध्याकाळीच भरून ठेवली तर कमी सुटते, आणि उरलेले फिल्टरच्या तळाचा नट सोडून काढता येते. रेडिएटरमध्ये बोअरिंगचे पाणी कधीही घालू नये, एवढे सांगून पुढे जातो.

पाण्याखेरीज या गाडीने मला एकदाच रस्त्यात उभे केले, आणि तो किस्सा सांगण्यासारखा आहे, कारण दोष शोधायला मला जवळजवळ महिना लागला होता. सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ घ्यायची, मग नीट चालायची. हळूहळू चढावर धाप लागल्यासारखी दबू लागली. फिल्टर बदलले, इंजिनात डिझेल फवारणारी नोझल तपासून आणली, एका पंपवाल्याने कमी गंधकाच्या नव्या डिझेलने पंपाचे सील आखडले असतील असे निदान केले. २०२० पासून आपल्याकडे डिझेलमधले गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आले हे खरे आहे, पण माझ्या पंपातून थेंबभरही गळती नव्हती, त्यामुळे ते मला पटले नाही. शेवटी एका रात्री मुंब्रा बायपासच्या चढावर गाडी बंद पडली. मोबाइलच्या उजेडात फिल्टरवरचा ब्लीडिंगचा, म्हणजे अडकलेली हवा काढण्याचा, स्क्रू सैल केला आणि टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाची छोटी मूठ अंगठ्याने दाबत राहिलो; पहिल्यांदा नुसता फेस आला, मग फेस आणि डिझेल, आणि साठ-सत्तर वेळा दाबल्यावर बुडबुडे संपून अखंड धार आली. स्क्रू आवळला, दोन सेल्फमध्ये इंजिन सुरू झाले. अर्थात हवा आत येत होती, पण कुठून? दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी हाताने वाकवून दाखवली. रबराला केसाएवढ्या भेगा पडल्या होत्या.

"शेठ, इथून डिझेल बाहेर येत नाही, वारा आत जातो. डाग शोधत बसाल तर जन्मात सापडणार नाही," ते म्हणाले.

त्या भागात पंप डिझेल ओढत असतो, त्यामुळे भेगेतून गळती होण्याऐवजी हवा शोषली जाते आणि नळी बाहेरून कोरडी ठणठणीत दिसते. नवी नळी, दोन क्लिपा, विषय संपला. तेव्हापासून रबराच्या सर्व नळ्या मी दर चार वर्षांनी, त्या चांगल्या दिसत असल्या तरी, बदलतो.

भाराविषयी थोडे. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून माल आणताना मोह होतो, कारण लोखंड जागा कमी घेते आणि वजन लपवते. अर्धा हौदा रिकामा दिसत असताना पाटे सरळ झालेले असतात. आरसी बुकावर लिहिलेल्या वजनापलीकडे मी जात नाही. पूर्वी जात होतो, आणि त्या काळात मुख्य पाटा दोनदा तुटला आहे. अँगल ६ मीटर लांबीचे मिळतात आणि हौद्याबाहेर सळया काढून नेणे कायद्याने बंद आहे, म्हणून व्यापाऱ्याकडेच निम्मे कापून घेतो. पाट्यांच्या पिना, शॅकल आणि प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस यांना महिन्यातून एकदा ग्रीस मारायचे ते जुने काळे ग्रीस कडेने बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत. आतले पाणी आणि कचरा त्याबरोबरच बाहेर पडतो.

कागदपत्रांचा व्याप वयाबरोबर वाढतो. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस करून घ्यावा लागतो, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि पंधरा वर्षांपुढील गाड्यांची फिटनेस फी १ एप्रिल २०२२ पासून चांगलीच वाढली आहे. फिटनेसच्या आदल्या दिवशी मी मागे लाल, पुढे पांढऱ्या आणि बाजूंना पिवळ्या रिफ्लेक्टर पट्ट्या पुसून घेतो, हँडब्रेक चढावर तपासतो आणि हॉर्न एकदा वाजवून पाहतो. धुराबाबत मला स्वतःची फसवणूक करायची नाही. जुन्या डिझेल गाड्यांसाठी पीयूसीची मर्यादा ६५ एचएसयू (धुराचा दाटपणा मोजण्याचे एकक) आहे आणि आमच्या गाडीची शेवटची नोंद ४१ आली, तरीही बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरमधून जे बाहेर पडते त्याच्याशी तिची तुलना होऊ शकत नाही. मुंबई महानगर प्रदेशातून पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने हटवता येतील का हे तपासण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये शासनाने समिती नेमली, तेव्हा घरात या गाडीचे काय करायचे यावर बोलणे झाले. माझे मत असे आहे की रोज दीडशे किलोमीटर धावावे लागत असते तर मी ती केव्हाच काढून टाकली असती. आता ती आठवड्यातून चार दिवस, दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर जाते, रबाळे ते घोडबंदर किंवा रबाळे ते वाशी. तेवढ्यासाठी हप्त्यांची नवी गाडी दारात उभी करणे मला परवडत नाही, आणि समजा कायद्याने उद्या बंद करायला सांगितली तर तक्रार न करता बंद करीन.

यंदाची हातोडी मात्र जरा जड गेली. गेल्या वर्षी मान्सून २६ मे लाच मुंबईत पोहोचला आणि आमची पाहणी, जी मी नेहमी मेच्या शेवटच्या आठवड्यात करतो, राहूनच गेली. पुढे पावसात गाडीखाली शिरण्याचा प्रश्न नव्हता आणि ऑक्टोबरमध्ये कामाच्या गर्दीत नुसती धुलाई झाली. म्हणून या वर्षी एप्रिल संपतानाच गाडी स्टँडवर घेतली. पुढचा भाग वाजला तसा वाजला. मागे, फाळक्यापासून दुसऱ्या आडव्या चॅनेलवर, डाव्या बाजूला ठोका मारला आणि हातोडीचे तोंड सरळ आत गेले. हौद्याचे वजन पेलणारा तो चॅनेल दीड वीत लांबीत वाळवी लागल्यासारखा झाला होता, रंग मात्र शाबूत. त्याखालची चॅसिस मी श्वास रोखून वाजवली, टण्ण वाजली. वरवर खड्डे पडले आहेत, जाडी टिकून आहे.

चॅसिसच्या मुख्य चॅनेलवर मी वेल्डिंग करत नाही आणि कोणाला करूही देत नाही, कारण जास्त ताकदीचे ते पोलाद जोडाच्या शेजारी उष्णतेने कमजोर होते आणि वरच्या-खालच्या कडेवर टाका मारला की तडा तिथूनच सुरू होतो. हौद्याच्या चॅनेलला ती अडचण नाही. आल्टरनेटरचे डायोड उडू नयेत म्हणून आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या, कुजलेला भाग दोन्ही बाजूंनी निरोगी लोखंडापर्यंत कापला आणि त्या जागी ७५ बाय ४० च्या नव्या चॅनेलचा तुकडा बसवला. बाबा आता वर्कशॉपला रोज येत नाहीत, पण त्या दिवशी खुर्ची टाकून बसले होते. वेल्डिंग गार झाल्यावर त्यांनी हातोडी मागितली, खुर्चीतून वाकून नव्या तुकड्यावर एक ठोका मारला, मग शेजारच्या जुन्यावर एक, आणि हातोडी मला परत दिली. रेड ऑक्साइडचा पहिला हात काल दिला आहे. हवेत दमटपणा असल्यामुळे तो अजून बोटाला चिकटतो, तेव्हा दुसरा हात परवा.